टाच टेकवत नाही : जुनाट टाचदुखीचा आढावा

जिंतूरहून मंठ्याकडे जाणाऱ्या वाटेवरच्या चारठाण्यात आणि आसपासच्या गावांत टाच दुखायला लागली की तीन उत्तरं ठरलेली असतात. घरातलं वडीलधारं माणूस म्हणतं, बिब्बा घाल. एक्स-रे काढून आलेला शेजारी म्हणतो, हाडूक वाढलंय. आणि ज्याला उद्या कामावर जायचंच आहे तो म्हणतो, टाचेत इंजेक्शन घे, मोकळा हो. तिन्ही उत्तरांमागे कुणाचा तरी खरा अनुभव आहे, म्हणूनच ती टिकली. पण वर्ष-दोन वर्षं टाच टेकवत नाही म्हणून चवड्यावर चालणाऱ्या माणसांना या तिन्हींतून टिकाऊ आराम क्वचितच मिळतो, कारण टाचेवर रोज जो भार पडतो त्याबद्दल तिन्ही उत्तरं काहीच बोलत नाहीत. गेल्या पंचवीसेक वर्षांत या दुखण्याबद्दलची समज बरीच पालटली आहे. ती खेड्यापर्यंत पोचायला हवी असं मला मनापासून वाटतं, कारण तिच्यातले सर्वांत भरवशाचे उपाय घरच्या उंबऱ्यावर, जवळजवळ बिनखर्चात करता येतात.

आधी दुखणं ओळखू. सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेच्या बुडाशी, जरा आतल्या बाजूला, सुरी खुपसल्यासारखी कळ येते. दहा-वीस पावलं चालल्यावर ती बोथट होते. दुपारी जेवून घटकाभर बसलं आणि उठलं की पुन्हा तीच कळ, आणि दिवसभर उभं राहून काम केलं तर संध्याकाळी टाच ठणकायला लागते. अंगठ्याने टाचेच्या आतल्या कडेला दाबलं की नेमकी एक जागा सापडते, जिथे माणूस ‘आई गं’ म्हणून पाय मागे ओढतो. एवढी कहाणी जुळली तर बहुतेक वेळा एक्स-रे, रक्ततपासणी कशाचीच गरज नसते. डॉक्टर याला ‘प्लांटर फॅसिआयटिस’ म्हणतात. हे दुखणं चाळीस ते साठ या वयात सर्वाधिक दिसतं. आयुष्यात कधी ना कधी दहातल्या एका माणसाला ते गाठतं असा ढोबळ अंदाज वैद्यकीय ग्रंथांत दिला जातो.

तळपायाखाली, कातडी आणि चरबीच्या आत, टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत एक चिवट पांढरा पट्टा ताणलेला असतो. पायाची कमान त्याने तोलून धरलेली असते. १९५४ मध्ये जे. एच. हिक्स या शल्यवैद्याने त्याचं काम फार नेमकं उलगडून दाखवलं. चालताना टाच उचलली जाते आणि बोटं वर वळतात, तेव्हा विहिरीच्या रहाटावर दोर गुंडाळला जावा तसा हा पट्टा बोटांच्या सांध्यांभोवती ओढला जातो, कमान उंच होते आणि मऊ पाऊल क्षणभर कडक तरफ बनून शरीराला पुढे ढकलतं. प्रत्येक पावलाला हे घडतं, म्हणजे दिवसाला हजारो वेळा. पट्ट्याची झीज भरून यायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा जास्त वेगाने त्याच्यावर ताण येत राहिला, की टाचेच्या हाडाला तो जिथे चिकटतो तिथे तो जाड आणि कमकुवत होतो. सोनोग्राफीत चांगल्या पायाचा पट्टा साधारण चार मिलिमीटरपेक्षा पातळ दिसतो, दुखऱ्या टाचेत त्याहून जाड. पोटरीचे स्नायू आणि घोडशीर ताठ असतील तर घोटा पुरेसा वाकत नाही, आणि त्याचा भुर्दंडही याच पट्ट्याला पडतो.

इंग्रजी नावातल्या ‘आयटिस’ या शेवटच्या अक्षरांवरून ही ‘सूज’ आहे असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. २००३ मध्ये हार्वी लेमाँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५० रुग्णांच्या पट्ट्यांचे शस्त्रक्रियेत काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यांना सुजेच्या पेशी जवळपास दिसल्याच नाहीत. दिसले ते विस्कटलेले, झिजलेले तंतू. ही गोष्ट केवळ अभ्यासकांच्या कुतूहलाची नाही. जुनाट दुखण्यात सूज मुख्य नसेल, तर सूज उतरवणाऱ्या गोळ्या महिनोन्‌महिने खाऊन काय साधणार? झिजलेल्या तंतूला पुन्हा बळ यायचं तर त्याला मोजका, हळूहळू वाढणारा भार द्यावा लागतो. आजच्या उपचारांचा सगळा रोख याच एका गोष्टीवर आहे.

‘हाडूक वाढलंय’ या समजुतीशी जरा थांबून बोलायला हवं, कारण तिने माणसं फार घाबरतात. टाचेच्या हाडाचा पुढे आलेला अणकुचीदार कोंब एक्स-रेत दिसतो तेव्हा तो काट्यासारखा टोचत असणार असं कुणालाही वाटेल. जर्मन वैद्य प्लेटनर यांनी १९०० मध्ये या कोंबाला नाव दिलं. पुढे बरीच वर्षं त्याचा संबंध परम्यासारख्या रोगांशीही जोडला गेला. आता हे स्पष्ट झालं आहे की टाच अजिबात न दुखणाऱ्या शंभर माणसांचे एक्स-रे काढले तर दहा-वीस जणांत हा कोंब सापडतो, आणि टाच प्रचंड दुखणाऱ्या कित्येकांत तो नसतो. पुष्कळदा तो त्या पट्ट्यात नसून त्याच्या वरच्या छोट्या स्नायूच्या मुळाशी असतो. तो कापून काढला म्हणजे दुखणं जाईल असं नाही, आणि दुखणं गेलं तरी तो एक्स-रेत तसाच राहतो. ज्यांच्या एक्स-रेवर ‘स्पर’, म्हणजे हाच कोंब, लिहून आलं आहे त्यांनी एवढंच लक्षात ठेवावं की तो शब्द वाचून आपल्या उपचारात काही बदलत नाही. परभणीला जाऊन काढलेल्या अशा फिल्मा कित्येक घरांत ट्रंकेत जपून ठेवलेल्या असतात, आणि त्यांच्याबरोबर ‘आता हे जन्माचंच’ ही भीतीही.

आता भाराकडे येऊ. डॅनियल रिडल आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये टाच दुखणारे ५० आणि न दुखणारे १०० जण ताडून पाहिले. सर्वांत मोठा धोका घोट्याच्या ताठरपणाचा निघाला, त्यानंतर वजनाचा, आणि तिसरा कामाचा बहुतेक दिवस उभ्याने काढण्याचा. घोटा ताठ आहे का हे कळायला यंत्र नको. उकिडवं बसताना दोन्ही टाचा जमिनीला टेकतात की चवड्यावर तोल सावरावा लागतो, एवढं पाहिलं तरी पुरे. खुरपणीला, भाकरी थापायला आयुष्यभर उकिडवं बसलेल्या बाईच्या टाचा बहुधा टेकतात. खुर्चीवर आणि मोटारसायकलवर दिवस काढणाऱ्या तिच्या मुलाच्या अनेकदा टेकत नाहीत.

तिसरा धोका मात्र चारठाण्याच्या शिवारात घरोघर आहे, आणि बायकांच्या वाट्याला तो जास्त येतो. कापूस वेचायला उभं राहायचं, ढेकळांतून दिवसभर पाय ओढायचे, कमरेला बांधलेली ओटी भरत जाईल तसं वजन वाढत जायचं. घरी आल्यावर बसणं नाहीच. पूर्वी चूल जमिनीवर होती, स्वयंपाक बसून व्हायचा. आता सिमेंटचा ओटा आणि गॅस आला, त्याने धुराचा त्रास गेला हे फार चांगलं झालं, पण सकाळ-संध्याकाळचा स्वयंपाक उभ्याने व्हायला लागला, तोही शहाबादी फरशीवर आणि अनवाणी. शेणाने सारवलेली जमीन पावलाखाली थोडी तरी दबते, फरशी दबत नाही. माझ्या मते टाचदुखीच्या चर्चेत स्वयंपाकघराची फरशी शेताइतकीच महत्त्वाची आहे, पण डॉक्टर तिच्याबद्दल विचारत नाहीत आणि बाई आपणहून सांगत नाही. मोंढ्यातल्या हमालांचं, पोलिसांचं, शाळेत उभ्याने शिकवणाऱ्या गुरुजींचं दुखणं याच जातीचं. इंग्लंडात तर याला एके काळी पोलिसाची टाच असंच म्हणत, गस्तीवर पायपीट करणाऱ्या शिपायांवरून.

अनवाणी चालण्यालाच दोष द्यावा का? मी देणार नाही. चारठाण्याला येणारा पाहुणा गोकुळेश्वराची बारव पाहायला जातो, जुन्या देवळांच्या दगडी पायऱ्या अनवाणी चढतो-उतरतो. तेवढ्याने कुणाची टाच बिघडत नाही. लहानपणापासून मातीत अनवाणी वावरलेल्या पावलाचे स्नायू भक्कम असतात. बिघडतं ते अचानक वाढलेल्या भाराने. एरवी चप्पल घालणारा माणूस नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहण्याचा नेम धरतो, किंवा कोजागरीला तुळजापूरची वाट पायी धरतो, तेव्हा पट्ट्याला सवय व्हायला वेळच मिळत नाही. आषाढीचंही तसंच. शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी परभणी, गंगाखेड, परळी, अंबाजोगाई अशी पंढरपूरला जाते. वाटेत तिच्यात सामील होणारे, एरवी रोज दोन-तीन किलोमीटर चालणारे लोक एकदम वीस-पंचवीस किलोमीटर चालू लागतात. भक्तीला कुणी थांबवू नये. पण ज्येष्ठ लागण्याआधीपासून आठवड्याला थोडं थोडं अंतर वाढवत नेलं, महिनाभर वापरून पायाला बसलेली चप्पल वारीला घेतली आणि ज्याची टाच आधीच दुखते त्याने अनवाणीचा नेम या वर्षी बाजूला ठेवला, तर पुढचे सहा महिने लंगडणं टळू शकतं.

प्रत्येक दुखरी टाच या पट्ट्यामुळेच दुखते असं मात्र नाही, आणि इथे चूक महागात पडते. मधुमेह असलेल्या माणसाला तळव्याची आग होते, मुंग्या येतात, रात्री जास्त जाणवतं. ते दुखणं नसांचं असतं. तिशीच्या आतल्या तरुणाच्या दोन्ही टाचा दुखतात आणि सकाळी कंबर अर्धा-अर्धा तास आखडलेली असते, तेव्हा मणक्याच्या संधिवाताचा विचार आधी करावा लागतो, कारण त्याची औषधं वेगळी आहेत आणि उशीर झाला तर मणके जखडतात. दोन्ही बाजूंनी टाच तळहातात धरून दाबल्यावर जीवघेणी कळ आली, चालण्याने दुखणं कमी न होता वाढतच गेलं, तर हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो; अचानक खूप चालणाऱ्यांत आणि पाळी गेलेल्या, हाडं विरळ झालेल्या बायकांत हे दिसतं. साठीच्या पुढे टाचेखालची चरबीची गादी पातळ होते, तेव्हा दुखणं टाचेच्या मधोमध असतं आणि दगड टोचावा तसं जाणवतं. आठ ते चौदा वर्षांची, खूप धावणारी मुलं टाचेच्या मागच्या बाजूला दुखतंय म्हणतात, ते वाढत्या हाडाचं दुखणं असतं. त्याला १९१२ मध्ये सेव्हर या वैद्याने नोंदवलं होतं आणि वय वाढलं की ते आपोआप जातं. २००६ च्या चिकुनगुन्याच्या साथीनंतर महाराष्ट्रात अनेकांचे घोटे आणि टाचा महिनोन्‌महिने दुखत राहिल्या, तेही वेगळं प्रकरण. ताप, रात्री झोपेतून उठवणारी वेदना, घटणारं वजन, पावलाला बधिरपणा किंवा मार लागल्याचा प्रसंग यांतलं काहीही असेल, तर घरगुती उपाय करत बसू नये.

घरगुती उपायांत बिब्ब्याबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. बिब्बा तापवून त्याचं तेल टाचेला लावतात, किंवा गरम सुईने चटका देतात. बिब्ब्याच्या तेलातली द्रव्यं कातडीला जाळतात. कुणाला बिब्बा उतला की अंगभर फोड येतात, खाज सुटते, जखम चिघळते. जळालेल्या कातडीची वेदना काही दिवस आतल्या वेदनेला झाकून टाकते आणि माणसाला वाटतं गुण आला. मधुमेह्याच्या बधिर पायाला दिलेला असा चटका पाय गमावण्यापर्यंत जाऊ शकतो. त्यापेक्षा वीट तापवून, तिच्यावर रुईची पानं पसरून टाच शेकण्याची रीत सौम्य आहे. शेकाने पोटरी आणि तळवा सैल पडतो, सकाळची कळ जरा निवते. शेक घ्यावा, पण वीट आधी हाताला सोसते का पाहावं, रुईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये, आणि पाय बधिर असेल तर हेही टाळावं.

आयुर्वेदात टाचेच्या या दुखण्याला वातकंटक म्हणतात. अष्टांगहृदयाच्या निदानस्थानातल्या वातव्याधींच्या अध्यायात पाऊल वेडंवाकडं पडल्याने किंवा श्रमाने वात घोट्याच्या ठिकाणी आश्रय घेतो, असं त्याचं वर्णन आहे. श्रमाचा, म्हणजे भाराचा, धागा तिथेही आहे हे मला महत्त्वाचं वाटतं. अग्निकर्म, म्हणजे तापवलेल्या शलाकेने नेमक्या ठिकाणी मोजके चटके, हा उपाय नांदेडच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयासारख्या ठिकाणी शिकलेले वैद्य आजही जाणतात. त्यावर झालेले अभ्यास लहान आहेत, त्यांत काही आठवड्यांचा आराम नोंदलेला आहे. प्रशिक्षित हाताने, स्वच्छ साधनाने, मधुमेह नाही याची खात्री करून केलं तर त्याला माझा विरोध नाही. घरी तापवलेल्या खिळ्याने किंवा विळ्याने दिलेला डाग म्हणजे अग्निकर्म नव्हे. आणि अग्निकर्मानंतरही पट्ट्याला बळ देण्याचं काम उरतंच.

इंजेक्शनचंही असंच. टाचेत स्टेरॉइड दिलं की काहींना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चमत्कार वाटावा इतका आराम पडतो. ऑस्ट्रेलियात ८२ रुग्णांवर झालेला आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक नेटका अभ्यास आहे. अर्ध्यांना सोनोग्राफीत पाहून स्टेरॉइड दिलं, अर्ध्यांना नुसतं सलाइन. चार आठवड्यांनी स्टेरॉइडवाल्यांची वेदना कमी होती. आठ आणि बारा आठवड्यांनी वेदनेत ठळक फरक उरला नाही. शिवाय वारंवार इंजेक्शनं घेतली तर पट्टा तुटण्याचा आणि टाचेखालची चरबी विरघळण्याचा धोका असतो, आणि ती चरबी गेली की परत येत नाही. मुलीचं लग्न चार दिवसांवर आहे, उभं राहणं अशक्य झालं आहे, अशा वेळी अनुभवी डॉक्टरकडून एकदा घेतलं तर समजू शकतं. पण दर दोन महिन्यांनी टाचेत सुई टोचून घेणं मला धोक्याचं वाटतं. औषधाच्या दुकानातून विचारून घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या आठवडाभर चालतील. महिनोन्‌महिने घेतल्या तर पोट आणि मूत्रपिंड दोन्ही बिघडतात. बिननावाच्या पुड्यांपासून तर लांबच राहावं.

मग करायचं काय? अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठातल्या बेनेडिक्ट डिजिओव्हानी यांनी २००३ मध्ये १०१ जुनाट रुग्णांवर दोन ताणांची तुलना केली. नुसती पोटरी ताणणाऱ्यांपेक्षा तळव्याचा पट्टाच ताणणाऱ्यांना आठ आठवड्यांत जास्त गुण आला. कृती अगदी सोपी आहे. बसून दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यायचा, हाताने पायाची सगळी बोटं धरून नडगीच्या दिशेने मागे ओढायची, दुसऱ्या हाताने तळव्यावर ताणलेली दोरीसारखी कड चाचपून पाहायची. दहापर्यंत आकडे मोजून सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. यातली पहिली खेप अंथरुणात, पाय जमिनीला लावण्याआधी. रात्रभर आखडलेल्या पट्ट्याला पहिल्याच पावलाला अचानक ताण बसू नये म्हणून ही घाई. दुपारच्या विसाव्यानंतर, बांधावरून उठण्याआधी, दुसरी खेप करता येते.

त्याच्या जोडीला पोटरीचा ताण. भिंतीला हात टेकून, दुखरा पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली, आणि शरीर पुढे झुकवायचं. नंतर हेच गुडघा किंचित वाकवून. पण नुसत्या ताणावर थांबू नये. डेन्मार्कमधल्या मायकेल रॅथलेफ यांनी २०१५ मध्ये ४८ रुग्णांत असं दाखवलं की टाच उचलण्याचा जड व्यायाम करणाऱ्यांना तीन महिन्यांनी ताण देणाऱ्यांपेक्षा लक्षणीय बरं वाटतं. वर्षभरानंतर दोन्ही गट सारखेच होते, पण ज्याला रोज शेतात जायचं आहे त्याच्यासाठी आधी मिळालेला आराम लहान गोष्ट नाही. पायरीच्या किंवा भक्कम उंबऱ्याच्या कडेवर चवडा टेकवायचा, बोटांखाली टॉवेलची घट्ट गुंडाळी ठेवायची म्हणजे बोटं वर वळतात आणि हिक्सने सांगितलेला ताण पट्ट्याला मिळतो. तोल जाऊ नये म्हणून चौकट धरायची. तीन सेकंदांत टाच वर, दोन सेकंद थांबायचं, तीन सेकंदांत खाली. सुरुवातीला दोन्ही पायांनी, जमेल तसं एका पायाने; बारा वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. सोपं वाटायला लागलं की पाठीवरच्या पिशवीत वजन घ्यायचं, शाळेची जुनी पुस्तकं चालतील. व्यायाम करताना थोडं दुखलं तरी चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळची कळ आदल्या दिवसापेक्षा वाढली तर मात्र भार कमी करायचा. ही सकाळची कळ म्हणजे रोज फुकट मिळणारं मोजमाप आहे, तिच्यावरून किती वाढवायचं ते ठरवावं.

चपलेचा प्रश्न पैशापेक्षा रिवाजाचा आहे. पातळ, टाचेकडे झिजून सपाट झालेली रबरी स्लीपर टाचेला काहीच आधार देत नाही. टाचेखाली बोटभर जाड पण दाबल्यावर हळूच दबणारा तळ, कमानीला हलका उंचवटा आणि मागे पट्टा, एवढं पुरतं. मधुमेह्यांना आणि कुष्ठरुग्णांना दिली जाणारी मऊ एमसीआर रबराची चप्पल पुष्कळांनी पाहिलेली असते. बधिर पायांना जखमा होऊ नयेत म्हणून मऊ पादत्राणांचं जे काम वेल्लोर-करिगिरीकडे डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभं केलं, त्या परंपरेतली ही चप्पल. दुखऱ्या टाचेलाही ती सुखावते. खास माप घेऊन बनवलेले महागडे इनसोल लागतात का? २००६ मध्ये कार्ल लँडॉर्फ यांनी १३५ जणांत तपासलं, तर तयार मिळणारे आणि मापाने बनवलेले यांत फरक पडला नाही, आणि वर्षाअखेर साध्या फोमच्या तुकड्यापेक्षाही ते फार वरचढ ठरले नाहीत. ते पैसे वाचवावेत.

पण घरात चप्पल घालायची नाही, स्वयंपाकघरात आणि देवघरात तर नाहीच, हा आपला नेम आहे. तो मोडायला सांगून कुणी ऐकणार नाही, आणि मोडायची गरजही नाही. एक नवी, मऊ तळाची जोडी फक्त स्वयंपाकघरासाठी ठेवावी, ती बाहेर कधीच जाणार नाही. तेही मान्य नसेल तर ओट्यासमोर जाड रबरी चटई किंवा घडी घातलेली सतरंजी पसरावी. कणीक मळणं, भाजी निवडणं, चिरणं ही कामं खाली बसून किंवा उंच स्टुलावर करावीत. सासूबाईंनी सुनेला आणि सुनेने सासूबाईंना एवढी सूट दिली तर औषधापेक्षा जास्त काम होईल. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात शेतकरी स्त्रियांचे काबाडकष्ट कमी करणाऱ्या साधनांवर पुष्कळ वर्षांपासून काम चाललं आहे. वेचणीच्या, खुरपणीच्या साधनांसोबत पायाखालच्या पादत्राणाचाही विचार त्या कामात व्हावा, असं मला आग्रहाने म्हणायचं आहे.

वजनाबद्दल दोन शब्द. शरीराचं वजन जास्त असेल तर ते हळूहळू उतरवल्याने टाचेला मदत होते यात शंका नाही. पण टाच दुखते म्हणून चालता येत नाही, आणि चालता येत नाही म्हणून वजन वाढतं, या फेऱ्यात अडकलेल्या बाईला नुसतं ‘वजन कमी करा’ म्हणणं मला निष्ठुर वाटतं. तिला आधी टाच टेकवता आली पाहिजे. टाचेला आणि कमानीला चिकटपट्टीचा आधार बांधला की आठवडाभर तरी पावलं हलकी पडतात. ती नीट बांधायला फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्यावी. संध्याकाळी ठणका लागला तर पाण्याची बाटली बर्फ करून तिच्यावर पाच-दहा मिनिटं तळवा फिरवावा. रात्री पाय काटकोनात धरून ठेवणाऱ्या पट्ट्या काहींना मानवतात, अनेकांची झोप मात्र त्यांनी उडते.

मोठ्या शहरांत टाचेवर ध्वनिलहरींचे धक्के देणारं शॉकवेव्हचं यंत्र मिळतं. सहा महिने नेमाने व्यायाम करूनही जे अडकले आहेत त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना ते उपयोगी पडतं. स्वतःच्या रक्तातून काढलेल्या प्लेटलेट्सचं इंजेक्शन अजून वादात आहे आणि खर्चिक आहे. शस्त्रक्रियेची वेळ फार थोड्यांवर येते.

किती दिवस लागतात, हा प्रश्न सगळे विचारतात, आणि इथे पुस्तकांत एकमत नाही. दहांतले आठ-नऊ जण शस्त्रक्रियेविना वर्षभरात बरे होतात असं अनेक ठिकाणी लिहिलेलं असतं. डेन्मार्कमधल्या एका रुग्णालयाने आपल्या जुन्या रुग्णांचा मागोवा घेऊन २०१८ मध्ये वेगळंच चित्र मांडलं: पाच वर्षांनीही निम्म्यांची टाच अजून दुखत होती. विशेषज्ञापर्यंत पोचलेले ते रुग्ण मुळात जास्त त्रासातले होते, म्हणून हा आकडा सगळ्यांना लागू करता येणार नाही. पण आपोआप जाईल म्हणून वाट पाहत बसणाऱ्यांना तो इशारा आहे. महिन्या-दोन महिन्यांच्या टाचेला व्यायाम लवकर लागू पडतो, तीन वर्षं चटके आणि सुया सोसलेल्या टाचेला उशिरा.

चारठाण्यात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, जिंतूरला ग्रामीण रुग्णालय, परभणीला जिल्हा रुग्णालय आणि आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही. तिशीपुढच्या माणसांच्या मधुमेह-रक्तदाबाच्या धोक्याची माहिती भरून घ्यायला आशाताई घरोघर जातातच. त्याच भेटीत त्यांनी टाच दुखते का एवढं विचारावं, साखर तपासायला पाठवावं आणि दोन व्यायाम करून दाखवावेत, याला वेगळी योजना लागत नाही. दाखवणं महत्त्वाचं, कारण कागदावर छापलेला व्यायाम कुणी करत नाही. रुग्णानेही स्वतःशी हिशेब ठेवावा. दोन आठवड्यांत सकाळची कळ थोडी बोथट व्हायला लागते, सहा आठवड्यांत पावलं मोजावी लागत नाहीत, तीन महिन्यांत बहुतेक कामं जमू लागतात; त्यानंतरही आठवड्यातून दोनदा टाच उचलण्याचा व्यायाम चालू ठेवावा, विशेषतः वेचणीच्या आणि वारीच्या आधीच्या महिन्यात. तीन महिने मन लावून करूनही काडीचा फरक नसेल, तर व्यायाम वाढवण्याआधी निदानच पुन्हा तपासून घ्यावं. परभणीला जाऊन टाचेची सोनोग्राफी करावी, कंबर आणि नसा तपासून घ्याव्यात, आणि जुनी एक्स-रेची फिल्म घरीच राहू द्यावी.